पोलीस खात्यातून निघालेली गाडी विकताना

‘एक्स-पोलीस बोलेरो, सिंगल ओनर, डिपार्टमेंट मेन्टेन्ड, एमएच-१५ पासिंग.’ जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत अशा ओळी अधूनमधून वाचायला मिळतात. गाडी दणकट असते, भाव खासगी बोलेरोपेक्षा कमी असतो, त्यामुळे पेठ-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यापासून अंबडच्या छोट्या कारखानदारापर्यंत कुणी ना कुणी गिऱ्हाईक मिळतंच. खरी अडचण पुढे येते. गाडी नावावर होत नाही, विमा कंपनी हात वर करते, किंवा विकून वर्ष उलटल्यावर कुठल्यातरी अपघाताची नोटीस आधीच्या मालकाच्या दारात येऊन पडते.

या गाडीचा पहिला मालक सरकार होतं, त्यामुळे तिचे कागद साध्या जुन्या गाडीसारखे नसतात. तिने केलेलं कामही साध्या गाडीचं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा गाडीचा इतिहास गिऱ्हाइकाला पूर्ण सांगावा आणि त्या इतिहासाच्या खुणा गाडीवरून पूर्ण काढाव्यात. बाजारात बहुतेकदा उलट चालतं. इतिहासातला गैरसोयीचा भाग दडवला जातो आणि खुणा मिरवल्या जातात.

आधी गाडी नक्की कुठून आली ते पाहा

‘पोलिसांकडची गाडी’ असं म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. पहिली गाडी खात्याच्या स्वतःच्या मालकीची. आरसीवर मालक म्हणून पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षक असं पदनाम असतं. नाशिकपुरतं बोलायचं तर शहर आयुक्तालय वेगळं आणि आडगावला मुख्यालय असलेलं ग्रामीण पोलीस दल वेगळं, त्यामुळे गाडी यांपैकी कोणत्या कार्यालयाच्या नावावर होती हे आरसी पाहूनच ठरवायचं. अशी गाडी जुनी झाली की तिचं निर्लेखन होतं, म्हणजे ती सरकारी कामासाठी निकामी ठरवून वाहनांच्या यादीतून काढली जाते, आणि मग लिलावात जाते. आजकाल असे लिलाव बऱ्याचदा एमएसटीसीसारख्या सरकारी ई-लिलाव संकेतस्थळावर होतात.

दुसरी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात धूळ खात पडलेली. गुन्ह्यात जप्त झालेली किंवा बेवारस सापडलेली. ही पोलिसांची कधीच नव्हती, ती फक्त त्यांच्या ताब्यात होती. तिचा लिलाव न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने होतो, मूळ मालक निराळाच असतो, कधी तिच्यावर फायनान्स कंपनीचा बोजा असतो, आणि कधी चेसीस नंबरच खोडलेला निघतो. अशी गाडी ‘एक्स-पोलीस’ म्हणून विकणं चूक आहे. तिचे कागद आणि धोकेही निराळे. या लेखात बोलतोय ते पहिल्या प्रकाराबद्दल.

राहिली एखाद्या हवालदाराची स्वतःची गाडी, काचेवर पोलीस लिहिलेली. ती निव्वळ खासगी गाडी. तिच्यासाठी वेगळं काही समजून घ्यायची गरज नाही, स्टिकर काढला की झालं.

पंधरा वर्षांची रेघ

१ एप्रिल २०२३पासून एक मोठा बदल झाला आणि तो कळल्याशिवाय अशा गाडीचा व्यवहार करू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५२अ हा नियम आला. केंद्र सरकार, राज्य सरकारं, महापालिका, सरकारी महामंडळं यांच्या मालकीच्या गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं झाली की संपते आणि पुन्हा करता येत नाही. त्यानंतर ती गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढायची. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती व खास बनावटीच्या गाड्यांना यातून सूट आहे, पण ठाण्याची साधी जीप किंवा बोलेरो त्या सवलतीत बसेल असं धरून चालू नका.

याचा अर्थ असा, की आज कुणी तुम्हाला १५ वर्षांपेक्षा जुनी गाडी ‘आत्ताच खात्याच्या लिलावातून उचलली, रस्त्यावर चालवा’ म्हणून देत असेल, तर तिथेच थांबा. ती मोडीसाठी विकलेली असण्याची शक्यता फार मोठी. मोडीत निघालेल्या गाडीची नोंदणी रद्द होते आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणायचा सरळ मार्ग नसतो. लिलावाच्या यादीतही हा फरक लिहिलेला असतो: काही गाड्या वापरण्याजोग्या म्हणून विकतात, काही फक्त स्क्रॅपिंग केंद्रांसाठी. दुसऱ्या गटातली गाडी मधल्या कुणीतरी बाहेर काढून विकली, तर शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हाती इंजिन, चाकं आणि पत्रा येतो. गाडी येत नाही.

आता उलट बाजू. नियम सरकारी मालकीच्या गाडीला आहे. समजा, बोलेरोची पहिली नोंदणी २०१४ची, खात्याने ती २०२२मध्ये लिलावात विकली आणि तुम्ही ती रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतली. आता ती खासगी गाडी आहे. तिची १५ वर्षं २०२९मध्ये भरतील. तेव्हा इतर कुठल्याही खासगी गाडीसारखी तपासणी होऊन, गाडी रस्त्यालायक ठरली तर पाच वर्षांसाठी नोंदणी नूतनीकरण होऊ शकतं. त्याचं शुल्क एप्रिल २०२२पासून मोटारीसाठी ५,००० रुपये झालं आहे, आधी ते ६०० होतं. महाराष्ट्रात त्यावर जुन्या गाडीचा पर्यावरण करही येतो. हा सगळा खर्च गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतो, तो तुमच्याही असू द्या. २०२९ जवळ येईल तसा भाव उतरणार. विकायचंच असेल तर ‘अजून चालतेय ना’ म्हणून दोन-तीन वर्षं काढण्यात फायदा नाही.

कागदांची साखळी

जमिनीच्या सातबाऱ्यावर प्रत्येक व्यवहाराचा फेरफार नोंदलेला असावा लागतो, मधला एक जरी राहिला तरी पुढचा खरेदीदार अडकतो. इथेही नेमकं तेच आहे. खातं, मग लिलावात घेणारा, मग तुम्ही, मग तुमचं गिऱ्हाईक, अशी प्रत्येक कडी आरटीओच्या नोंदीत दिसली पाहिजे.

साधी जुनी गाडी विकताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, ज्यांना सगळे टीटी फॉर्म म्हणतात. लिलावातल्या सरकारी गाडीची पहिली बदली मात्र त्यांवर होत नाही. केंद्रीय नियमांतला नियम ५७ आणि त्याचा फॉर्म ३२ हा वेगळा रस्ता आहे. सरकारच्या जाहीर लिलावात गाडी घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत हा अर्ज करायचा असतो. सोबत शुल्क, आरसी आणि विमा, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री कायम केल्याचं पत्र, आणि या गाडीचा लिलाव करायला सरकारने परवानगी दिलेल्या आदेशाची प्रमाणित प्रत. या शेवटच्या दोन कागदांवर सगळं उभं असतं. त्यांच्याशिवाय गाडी खात्याच्या नावावरून हलत नाही, आणि खात्यातला कुणी अधिकारी नंतर तुमच्यासाठी टीटी फॉर्मवर सही करेल अशी आशा धरू नये. लिलावाच्या वेळी गाडीला नंबरच नसेल, किंवा असलेला खोटा निघाला, तर नवा नोंदणी क्रमांक देण्याची तरतूदही याच नियमात आहे.

साखळी तुटते ती नेमकी इथे. मोठा व्यापारी लिलावात एकदम दहा-बारा गाड्यांचा लॉट घेतो. एकेक गाडी स्वतःच्या नावावर करत बसला तर वेळ जातो, पैसा जातो, कराचा हिशेब होतो. मग तो लिलावाच्या कागदांची झेरॉक्स आणि एक स्टँपपेपर देऊन गाडी पुढे ढकलतो. घेणारा दोन वर्षं चालवतो आणि तसाच पुढच्याला देतो. चौथ्या माणसाच्या हाती गाडी येते तेव्हा आरसीवर अजून पोलीस खातंच असतं आणि लिलाव घेणारा व्यापारी फोन उचलत नाही. तुमची गाडी या अवस्थेत असेल तर आधी ती नीट करा, मग विकायला काढा. उलट क्रमाने केलं तर तुम्ही स्वतःची अडचण दुसऱ्याच्या गळ्यात बांधताय.

नीट करायची म्हणजे काय? मूळ विक्रीपत्र हरवलं असेल तर ज्या कार्यालयाची गाडी होती त्याच्या मोटार परिवहन विभागाकडे, म्हणजे एमटीकडे, लेखी अर्ज करून प्रमाणित प्रत मागायची. अर्जात नंबर, चेसीस नंबर, इंजिन नंबर, लिलावाची तारीख, लॉट क्रमांक जे जे हाताशी असेल ते द्या. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचं शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. सरकारी मालमत्तेच्या विक्रीचा आदेश ही काही गुपित गोष्ट नाही. लिलावात घेणाऱ्या व्यापाऱ्याची सही मिळवणं यापेक्षा अवघड जातं, त्यासाठी त्याला शोधून, समोर बसवूनच काम करावं लागतं.

कराचा मुद्दाही इथेच मिटवून घ्या. सरकारी गाडीला जी करमाफी असते ती खासगी मालकाला मिळत नाही. नावावर करताना तो कर भरला होता का, याची पावती तुमच्याकडे हवी. नसेल तर पंचवटीत पेठ रोडवर जे आरटीओ कार्यालय आहे तिथे गाडीच्या नंबरवर बाकी किती दिसते ते विचारून घ्या. परिवहनच्या संकेतस्थळावर आणि एम-परिवहन ॲपमध्ये मालकाचं नाव, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी, बोजा हे सगळं दिसतं. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली नसेल तर तीही आधी बसवा, तिच्यावाचून आरटीओतली कामं अडतात. गिऱ्हाईक शहाणं असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडी चोरीची तर नाही ना हेही पाहील. पाहू द्या, उलट तुम्हीच आधी काढून ठेवा.

विम्याबाबत एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६नुसार, केंद्र किंवा राज्य सरकारच्या मालकीच्या आणि व्यापारी कामासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाडीला विम्याची सक्ती नाही. त्यामुळे खात्यातून निघालेल्या गाडीचा जुना विमा मुळातच नसू शकतो. ‘सरकारी होती, विमा लागत नाही’ हे वाक्य खात्याच्या फाटकाच्या आत खरं होतं, बाहेर पडल्या क्षणी खोटं झालं. गाडी विकताना तिच्यावर निदान थर्ड पार्टी विमा चालू हवा. खंड पडलेला असेल तर स्वतःच्या नुकसानीचा विमा देताना कंपनी गाडीची पाहणी करते, त्यात दिवस जातात, ते आधीच धरून ठेवा.

खुणा पुसायच्या त्या शेवटच्या अक्षरापर्यंत

खात्याने गाडी देताना दिवा, सायरन, वायरलेस सेट काढून घेतलेला असतो. पण सगळंच निघतं असं नाही. दाराला चिकटलेली पट्टी, मागच्या काचेवर ‘पोलीस’, पुढचं लोखंडी गार्ड, खिडक्यांची जाळी, छतावर दिव्याचा पाया हे राहून जातं. आणि एक गोष्ट अशी, जी नजरेला चुकते: वर्षानुवर्षं स्टिकरखाली झाकलेला रंग उन्हात विटलेला नसतो. स्टिकर खरवडून काढला तरी त्याखालच्या रंगाची छटा वेगळी दिसते आणि तिरप्या उन्हात दारावर ‘पोलीस’ ही अक्षरं स्पष्ट वाचता येतात. रबिंग-पॉलिशने जात नसेल तर ते दार रंगवून घ्या. रंग तोच ठेवा. वेगळा रंग द्यायचा असेल तर त्याची नोंद आरसीवर करावी लागते.

एवढा आग्रह का? दिवे आणि सायरन यांचं कायद्याने सरळ आहे. मे २०१७पासून लाल दिव्याची संस्कृती केंद्र सरकारने नियम बदलून संपवली, लाल-निळा-पांढरा दिवा फक्त पोलीस, अग्निशमन अशा तातडीच्या सेवांसाठी उरला, आणि बहुस्वरी सायरन खासगी गाडीला कधीच चालत नव्हता. पुढच्या बुल गार्डवरही डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं. पण दंड हे कारण माझ्या लेखी दुय्यम आहे.

मुख्य कारण तोतया पोलीस. ‘पुढे खून झालाय, तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असं सांगून म्हाताऱ्या माणसांना लुबाडल्याच्या बातम्या आपण कितीदा वाचतो. सकाळी फिरायला निघालेली एखादी आजी समोरच्याचं ओळखपत्र वाचत बसत नाही. ती गाडीकडे बघते, केसांच्या कटिंगकडे बघते, बुटांकडे बघते. पांढरी बोलेरो, दारावर पुसट पट्टी, डॅशबोर्डवर पोलिसी टोपी, एवढ्यावर तिचा विश्वास बसतो. भारतीय न्याय संहितेत लोकसेवक असल्याची बतावणी करणं कलम २०४खाली आणि फसवण्यासाठी त्यांचा पेहराव किंवा चिन्ह वापरणं कलम २०५खाली गुन्हा आहे. गुन्हा करणारा वेगळा असेल, तुम्ही नसाल. पण अर्धवट पुसलेली गाडी बाजारात सोडलेली असेल ती तुम्हीच. त्याच कारणाने जाहिरातीत ‘कुठे अडवत नाहीत’, ‘टोलला सोडतात’ असली वाक्यं लिहू नका. ज्याला ते वाक्य आवडतं, त्याला ही गाडी विकायचीच नाही.

मागची समोरासमोरची बाकडी काढून साधी सीट बसवली असेल किंवा उलट, तर आरसीवरची आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी जुळते का पाहा. कायद्याच्या कलम ५२मुळे असे बदल नोंदीशिवाय चालत नाहीत.

मीटर सांगत नाही ती झीज

आता गाडी म्हणून ती कशी आहे? इथे विकणाऱ्याने प्रामाणिक राहिलं तर भाव नीट ठरतो आणि नंतरची भांडणं टळतात.

पोलीस गाडी चालते त्याहून जास्त वेळ उभी असते, तीही इंजिन चालू ठेवून. २०१४च्या बोलेरोने नाशिकमध्ये काय काय केलं असेल ते डोळ्यांसमोर आणा. २०१५चा सिंहस्थ: रामकुंड, तपोवनातलं साधुग्राम, त्र्यंबकचा रस्ता. दरवर्षी गणपतीची मिरवणूक, जिच्यापुढे गाडी पहिल्या गिअरमध्ये ढोलाच्या चालीने सरकते. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडींच्या, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदांच्या, गल्ल्यांच्या तोंडाशी बंदोबस्त. रात्रीच्या गस्तीत चौकात तासन् तास उभं राहणं, कारण वायरलेस चालू ठेवायचा आणि बॅटरी उतरू द्यायची नाही. या सगळ्यात किलोमीटर पडत नाहीत. इंजिन मात्र झिजतं.

अमेरिकेत पोलीस खात्यांतून निवृत्त झालेल्या गाड्यांचा मोठा बाजार आहे. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया, जिचं उत्पादन २०११मध्ये थांबलं, ही त्यातली सर्वांत ओळखीची. तिथले जाणकार मीटरवरच्या मैलांसोबत इंजिन किती तास चाललं ते बघतात, नंतरच्या गाड्यांत ते तास दाखवायची सोयच आहे, आणि उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे साधारण ३३ मैल, आपल्या हिशेबाने सुमारे ५३ किलोमीटर, असं धरायची तिथे पद्धत आहे. आपल्या डिझेल बोलेरोला तो आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, पण अंदाज येतो. दिवसाला फक्त दोन तास गाडी उभ्याने चालली, वर्षातून ३०० दिवस, आठ वर्षं, तर ४,८०० तास झाले. ५३ने गुणलं तर अडीच लाख किलोमीटरच्या वर जातं. मीटरवर १ लाख १० हजार दिसत असताना!

म्हणून ‘फक्त एक लाख चाललीय’ हे वाक्य एकटं ठेवू नका. त्याच्या जोडीला सांगा की क्लच प्लेट कधी बदलली, टर्बो आणि इंजेक्टर कधी पाहिले, अल्टरनेटर मूळ आहे का. उभ्या इंजिनात काजळी साठते, तेल लवकर खराब होतं, थंड करणाऱ्या पंख्यावर आणि रेडिएटरवर ताण येतो. त्याउलट काही भाग साध्या गाडीपेक्षा चांगल्या अवस्थेत असतात, तेही आवर्जून सांगा. खात्याच्या गाडीची लॉगबुकात नोंद होते, ठरलेल्या वेळी एमटीच्या वर्कशॉपमध्ये ती जाते, आणि सर्व्हिसिंग चुकवून पैसे वाचवायचा मोह चालकाला नसतो, कारण पैसे त्याचे नसतात. अर्थात तेच कारण गाडी आपटायलाही पुरेसं असतं. मालक एक, चालक अनेक, असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होईल.

छताकडे विशेष लक्ष द्या. दिव्यासाठी आणि अँटेनासाठी पाडलेली भोकं अनेकदा नुसत्या एम-सीलने बुजवलेली असतात. इगतपुरीच्या पावसात दोन तास गाडी उभी केली की छताच्या अस्तरावर डाग उमटतो आणि तोच ओलावा वायरिंगपर्यंत पोचतो. वायरलेस आणि सायरनच्या वायरी कापून तशाच सोडलेल्या असतील तर एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून त्या मुळापासून काढून घ्या. यावर होणारा खर्च थोडा आहे आणि आगीचा धोका टळतो.

नाशिकमध्ये या गाडीचे सुटे भाग शोधत फिरावं लागत नाही, बोलेरो आपल्या सातपूरच्या महिंद्रा कारखान्यातच तयार होते आणि तिची नस ओळखणारे मेकॅनिक गावोगावी आहेत. ही तुमची बाजू भक्कम करणारी गोष्ट. भाव ठरवताना त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या खासगी बोलेरोचे चालू भाव चार ठिकाणी पाहा, त्यातून इंजिनाच्या झिजेचं, नोंदणीच्या उरलेल्या वर्षांचं आणि जे काम तुम्ही करून घेतलेलं नाही त्याचं वजा करा. ‘पोलिसांची होती’ म्हणून त्यात एक रुपयाही वाढवू नका. कागदांची साखळी अखंड असेल तर मात्र घासाघीस करताना तिथे ठाम राहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण असे कागद असलेल्या गाड्या कमी असतात.

किल्ली देण्याआधी आणि दिल्यावर

गाडी डीलरला देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं प्राधिकारपत्र, म्हणजे फॉर्म २९बी, आहे का विचारा. एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी ही पद्धत आहे. असा डीलर गाडी ताब्यात घेतो तेव्हा फॉर्म २९सी भरून ती सूचना ऑनलाइन आरटीओकडे जाते आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. ज्याच्याकडे हे पत्र नाही आणि जो कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या मागतो, त्याला सह्या देऊ नका.

थेट गिऱ्हाइकाला विकत असाल तर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत फॉर्म २९ने आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, घेणाऱ्याची नाही. घेणाऱ्याला फॉर्म ३०साठी ३० दिवस मिळतात. ‘तुम्ही नुसत्या सह्या करा, बाकी आमचा एजंट बघून घेईल’ असं ऐकलंत तर एजंटसोबत तुम्ही स्वतःही जा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईसाठी मालक धरला जाईल, गाडी त्याने कधीच विकली असली आणि ती पुढे कितीही हातांतून गेली असली तरी. त्या प्रकरणात पहिल्या मालकाने गाडी अपघाताच्या जवळजवळ दोन वर्षं आधी विकलेली होती.

पैसे बँकेतून घ्या. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि द्राक्षांचे किंवा कांद्याचे पैसे रोख हाती असलेलं गिऱ्हाईक आपल्याकडे नवीन नाही, तेव्हा हे आधीच बोलून ठेवा. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ लिहा. दुपारी चारला गाडी दिली आणि संध्याकाळी सहाला अपघात झाला तर ते दोन तास महत्त्वाचे ठरतात. त्या नोटवर गाडी पोलीस खात्याच्या मालकीची होती, अमुक साली लिलावात विकली गेली, सर्व शासकीय खुणा काढून दिली आहे, असं एका वाक्यात लिहून दोघांच्या सह्या घ्या. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, त्यांत दारं रिकामी दिसली पाहिजेत.

लिलावाचं विक्रीपत्र आणि सरकारी आदेशाची प्रत गिऱ्हाइकाला देताना स्वतःकडे स्कॅन ठेवा. फास्टॅग बंद करा, विमा कंपनीला विक्री कळवा आणि नो क्लेम बोनस मिळवला असेल तर त्याचं पत्र मागा, तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि पुढच्या गाडीला लावता येतो. मग महिनाभराने एम-परिवहनवर नंबर टाकून पाहा. तिथे अजून तुमचंच नाव दिसत असेल, तर फॉर्म २९ची पोच आणि डिलिव्हरी नोट घेऊन पेठ रोडला जा आणि लेखी अर्ज देऊन त्याचीही पोच घ्या.